चाप ‘हलका’ असतो म्हणजे नेमकं काय? पिस्तुलाचा ट्रिगर आणि बोटाचं ज्ञान

गेले काही आठवडे आपण या मालिकेत स्पर्शाविषयी बोलतो आहोत. डोळ्यांनी मिळणाऱ्या ज्ञानावर तत्त्वज्ञांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले; बोटांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडं आलं. हे आपण मागच्या वेळी म्हटलं आणि त्यावर अमेरिकेत, टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका श्रोत्यांचा प्रश्न आला. त्यांच्याकडे ग्लॉक १९ हे पिस्तूल आहे, सुट्टीच्या दिवशी ते रेंजवर नेमबाजीला जातात. बरोबरचे सगळे सांगतात, ‘आधी याचा ट्रिगर बदल.’ बाजारात पंधरा-वीस डॉलरच्या पत्र्याच्या तुकड्यापासून दीड-दोनशे डॉलरच्या आख्ख्या संचापर्यंत सुटे भाग मिळतात. प्रत्येकाच्या वेष्टनावर एकच वचन असतं: चाप हलका आणि गुळगुळीत होईल. तर यातला कोणता घ्यावा, असा त्यांचा साधा सरळ प्रश्न.

प्रश्न साधा आहे खरा. पण ‘हलका’ आणि ‘गुळगुळीत’ हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. म्हणून आज आपण याच पिस्तुलाच्या निमित्ताने बोलू.

आधी शब्दांचं पाहून घेऊ. मराठीत आपण ‘चाप ओढला’ म्हणतो, ‘घोडा दाबला’ असंही म्हणतो. जुन्या बंदुकीत घोडा म्हणजे मागे उचलून धरलेला, आपटणारा भाग. चाप म्हणजे बोटाखालचा. बोलताना दोन्ही एक होऊन गेले. ग्लॉकमध्ये तर आपटणारा घोडा नाहीच. नळीच्या मागे, सरकत्या स्लाइडच्या पोटात एक स्ट्रायकर असतो, स्प्रिंगवर ताणलेली सळईच म्हणा. म्हणून आज आपण चाप आणि ट्रिगर एकाच अर्थाने वापरू आणि घोड्याला विश्रांती देऊ.

आता चाप ओढताना बोटाला काय काय होतं? नवशिक्याला विचारा, तो म्हणेल, ‘जड आहे’ किंवा ‘बरा आहे’. संपलं. मुरलेल्या नेमबाजाला विचारा, तो त्या सेंटिमीटरभर प्रवासाचे पाच-सहा मुक्काम सांगेल. सुरुवातीची ढिली वाटचाल, तिला टेक-अप म्हणतात. मग बोट कशाला तरी जाऊन टेकतं, ती भिंत. भिंतीवर जोर दिल्यावर चाप किंचित रांगतो, तो क्रीप. मग एका क्षणी सुटतो, तो ब्रेक. सुटल्यावर बोट उगाच आणखी मागे जातं, ते ओव्हरट्रॅव्हल. आणि बोट सैल करताना चाप पुढे येऊन पुन्हा ‘टक्’ करून लागतो, तो रिसेट.

आपल्या न्यायशास्त्रात प्रत्यक्षाचे दोन प्रकार सांगितले आहेत, निर्विकल्पक आणि सविकल्पक. पहिल्यात काहीतरी आहे एवढंच भासतं; दुसऱ्यात ते अमुक प्रकारचं, अमुक नावाचं म्हणून कळतं. हे पटवायला वर्गात आम्ही नेहमी दूरच्या झाडाचं उदाहरण देत असू, पण खरं म्हणजे चापाचं उदाहरण त्याहून चांगलं आहे. ज्याच्यापाशी ‘क्रीप’ हा शब्द नाही त्याला क्रीप जाणवत नाही असं नाही. त्याला तो ‘जडपणा’ म्हणून जाणवतो. आणि मग तो जडपणावरचं औषध विकत आणतो. रोग एक, औषध दुसरं. सुट्या भागांच्या या बाजारात बरेचसे पैसे असे जातात, असं आमचं मत आहे.

आता वजनाकडे येऊ. ग्लॉकचा कारखान्यातून येणारा चाप साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोच्या आसपास असतो. ग्लॉक पिस्तूल मुळात ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी बनलं, १९८२ साली त्यांनी ते स्वीकारलं. त्याला अंगठ्याने चालू-बंद करायचा खटका नाही. जी काही सुरक्षा आहे ती चापाच्या मागच्या साखळीतच गुंफलेली आहे. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

तुलनेसाठी आपल्याकडचं बघा. ऑलिंपिकच्या दहा मीटर हवाई पिस्तुलात चापाचं किमान वजन ५०० ग्रॅम ठरलेलं आहे. पंचवीस मीटरच्या पिस्तूल प्रकारात, म्हणजे ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं त्यात, १००० ग्रॅम. तपासणीही मोठी छान असते: नळी उभी धरून वजन चापाला टांगतात आणि वर उचलतात. वजन उचललं गेलं पाहिजे, चाप सुटता कामा नये. मग कोणी म्हणेल, जगातले उत्तम नेमबाज अर्ध्या किलोच्या चापावर खेळतात, तर आम्ही अडीच किलोचा का ओढावा? याचं उत्तर असं की हवाई पिस्तूल नेमबाजीच्या रेषेवर भरलं जातं, समोर लक्ष्य असतं आणि दुसरं काहीच नसतं. ग्लॉक भरलेलं कमरेला लटकतं, म्यानात जातं, गाडीत बसतं. चापाचं ‘योग्य’ वजन हा केवळ बोटाचा प्रश्न नाही. पिस्तूल दिवसभर कुठे असतं त्याचाही आहे.

शिवाय बोट हा फार खराब वजनकाटा आहे. एकोणिसाव्या शतकात लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी वजनं उचलायला लावून प्रयोग केले. त्यांना दिसलं की आपल्याला फरक कळतो तो किती ग्रॅमचा आहे यावरून नाही, तर मूळ वजनाच्या मानाने किती आहे यावरून. अर्ध्या किलोच्या चापात शंभर ग्रॅमचा फरक मोठा; अडीच किलोच्या चापात तोच सहज हरवतो. आणि चापात तर वजन स्थिर नसतंच, ते प्रवासात बदलत जातं. त्यामुळे होतं असं की एकसारख्या वाढत जाणाऱ्या जोराचा अडीच किलोचा चाप हाताला हलका वाटतो, आणि मध्येच अडखळणारा, खरखरणारा दोन किलोचा चाप जड वाटतो. काटा एक सांगतो, बोट दुसरं. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत.

इथे थोडं यंत्राच्या पोटात शिरायला हवं. ग्लॉकची स्लाइड मागेपुढे झाली की स्ट्रायकर अर्धवट ताणला जातो. चाप ओढला की चापाला जोडलेली एक पट्टी, ट्रिगर बार, मागे सरकते. तिच्या शेपटाशी एक आडवा पंजा असतो. तो स्ट्रायकरला उरलेल्या ताणापर्यंत मागे नेतो. वाटेत याच पट्टीचा एक उंचवटा स्ट्रायकरची वाट अडवणारी छोटी खुंटी वर ढकलतो. शेवटी कनेक्टर नावाचा वाकवलेला पत्रा त्या पट्टीला खाली दाबतो, पंजा सुटतो, स्ट्रायकर पुढे धावतो. म्हणजे बोटाला जे जाणवतं ती एका भागाची करामत नाही. स्ट्रायकरची स्प्रिंग विरोध करते, खुंटीची स्प्रिंग किंचित विरोध करते, कनेक्टरच्या कोनावर घर्षण होतं. आणि गंमत बघा, चापाची स्वतःची स्प्रिंग विरोध करत नाही, मदत करते. ती पट्टीला मागेच ओढत असते. त्यामुळे ग्लॉकमध्ये चापाची स्प्रिंग अधिक कडक घातली की चाप हलका होतो! हे वाक्य ऐकून पुष्कळांना आमची जीभ घसरली असं वाटतं. पण ते तसंच आहे. ‘कमी ताकदीच्या स्प्रिंगा घाला म्हणजे हलकं होईल’ असं समजून जो सगळ्याच स्प्रिंगा मऊ घेतो, तो एका हाताने कमावतो आणि दुसऱ्या हाताने घालवतो.

आता भाग एकेक करून पाहू. सगळे नाही, ज्यांच्याविषयी बोलण्यासारखं आहे तेवढे.

कनेक्टर हा सर्वांत स्वस्त आणि लोकप्रिय. खुद्द कंपनीचाच उणे चिन्हाचा कनेक्टर मिळतो. स्पर्धेसाठीच्या लांब नळीच्या ग्लॉक ३४ मध्ये तो कारखान्यातूनच येत असे. त्याचा कोन वेगळा असल्याने चाप सुमारे एक पौंडाने उतरतो. पण किंमत मोजावी लागते ती भिंतीत. भिंत मऊ होते, ब्रेक वाळकी काडी मोडावी तसा न होता ओल्या फांदीसारखा लवत लवत होतो. काहींना हे सरकतं सुटणं आवडतं, काहींना मुळीच नाही. म्हणून ज्याची तक्रार ‘जड आहे’ अशी आहे त्याला कनेक्टर उपयोगी. ज्याची तक्रार ‘नेमका कधी सुटेल ते कळत नाही’ अशी आहे त्याला तो उलट त्रासाचा.

स्ट्रायकरची स्प्रिंग मूळची साडेपाच पौंडांची. बाजारात साडेचार आणि चार पौंडांच्याही मिळतात. चाप हलका होतो यात शंका नाही. पण ती स्प्रिंग चापासाठी नसते, काडतुसाच्या बुडाशी असलेला प्रायमर फोडण्यासाठी असते. प्रायमर कंपनीकंपनीप्रमाणे मऊ-कडक असतात. रेंजवर एका डब्यातली काडतुसं बिनबोभाट चालतात आणि दुसरा डबा उघडला की दर पंधरा-वीस गोळ्यांमागे नुसता ‘टिक्’ असा आवाज. कागदावर छेद पाडायचा असेल तर तो फार तर एक गुण. स्वसंरक्षणासाठी ठेवलेल्या पिस्तुलात तो ‘टिक्’ फार महाग पडेल. एकच पिस्तूल दोन्ही कामांना वापरणाऱ्याने ही स्प्रिंग बदलू नये, असं आम्ही स्पष्टच सांगू.

मग येतो सपाट तोंडाचा चाप. दिसायला देखणा. त्याने वजन कमी होतं असं लोक सांगतात, आणि काटाही तसं दाखवतो. कारण साधं आहे, तरफेचं. ग्लॉकचा चाप वरच्या खिळीवर फिरतो. सपाट चापावर बोट थोडं खाली बसतं, खिळीपासूनचं अंतर वाढतं आणि तेवढ्याच कामाला जोर कमी लागतो. बोटाचा प्रवास मात्र तितकाच वाढतो. जुन्या चापावरही काटा टोकाशी लावून मोजलं तर आकडा उतरलेला दिसेल. म्हणून कोणी ‘माझा चाप साडेतीन पौंडांचा’ म्हणाला की पहिला प्रश्न विचारायचा: कुठे मोजलात? आणि दुसरा: किती वेळा? दहा वेळा एकाच जागी मोजा. सरासरीपेक्षा दहा आकड्यांतलं अंतर किती आहे ते बघा. आमच्या दृष्टीने चांगल्या चापाची खूण तिथे आहे. दर वेळी सारखाच सुटणारा चाप बोट शिकू शकतं. लहरी चाप कितीही हलका असला तरी शिकता येत नाही.

स्क्रू पिळून टेक-अप कमी करता येईल असे संच मिळतात, त्यांच्याबाबतीत आमचं मन साशंक आहे. टेक-अप हा ग्लॉकमध्ये वाया गेलेला प्रवास नव्हे. त्याच प्रवासात ती अडवणारी खुंटी वर जाते, त्याच प्रवासात पंजा आपल्या खाचेतून बाहेर येतो. तोपर्यंत तो खाली पडूच शकत नाही, ही पिस्तूल पडलं तर न सुटण्याची व्यवस्था आहे. चाप आधीच मागे सरकवून ठेवला की टेक-अप कमी होतो, म्हणजेच ती व्यवस्था आधीच थोडी उघडून ठेवलेली असते. बोटाला आवडणारी प्रत्येक मिलिमीटरची बचत कुठून तरी येत असते. ओव्हरट्रॅव्हल थांबवणारा स्क्रू त्या मानाने सौम्य, पण तोही धक्क्यांनी सरकला तर चाप सुटायच्या आधीच अडतो आणि पिस्तूल चालत नाही.

चापाच्या भागांचं वजन म्हणजे केवळ ओढण्याचा जोर नव्हे, त्या भागाचं स्वतःचं वजनसुद्धा. हे २०१७ साली सिग सॉअर कंपनीच्या पी ३२० या पिस्तुलाने जगाला दाखवलं. विशिष्ट कोनात जमिनीवर आपटलं तर ते आपोआप सुटतं असं तेव्हा चाचण्यांत दिसलं. धक्क्यात पिस्तूल थांबतं, पण चाप स्वतःच्या जडत्वाने पुढचा प्रवास करतो, जणू अदृश्य बोटाने ओढावा तसा. कंपनीने त्या ऑगस्टमध्ये जी सुधारणा देऊ केली, तिच्यात चाप आणि स्ट्रायकरसकट काही भाग वजनाने हलके केले होते. ग्लॉकच्या चापाच्या मध्यावर जी बारीक जीभ असते, ती याच कामाची: बोटाने नेमकी ती दाबल्याशिवाय चाप मागे जाऊ नये. तेव्हा जड धातूचा, जिभेची स्प्रिंग ढिली असलेला, नाव नसलेला चाप स्वस्तात मिळाला म्हणून घालणं हा शहाणपणा नव्हे.

आता कोणी म्हणेल, मग जड चापच सुरक्षित. थांबा. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी १९९०च्या दशकात रिव्हॉल्व्हर सोडून अर्धस्वयंचलित पिस्तुलं घेतली, तेव्हा चुकून गोळी सुटू नये म्हणून चाप बारा पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा ठेवला. ग्लॉकच्या अशा कडक स्प्रिंगचं नावच ‘न्यूयॉर्क’ आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर गोळ्या झाडल्या, त्यात नऊ वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी जखमी झाले. त्यानंतर त्या बारा पौंडांवर बरीच चर्चा झाली. पाऊण किलोच्या आसपास वजनाचं पिस्तूल स्थिर धरून त्याच हाताच्या एका बोटाने साडेपाच किलो ओढायचे, तर नेम हलणारच, असं टीकाकारांचं म्हणणं. त्या दिवशीच्या प्रत्येक चुकलेल्या गोळीचं कारण चापच होतं असं म्हणता येणार नाही; धावपळ, गर्दी, भीती सगळंच होतं. पण एवढं दिसतं की न सुटण्याची सुरक्षा आणि हवं तिथेच लागण्याची सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक वाढवताना दुसरी घटू शकते.

याच न्यूयॉर्क स्प्रिंगेची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. तिच्यातली कमी ताकदीची, आठ पौंडांची म्हणून ओळखली जाणारी स्प्रिंग घ्या आणि तिच्याबरोबर उणे चिन्हाचा कनेक्टर बसवा. एकूण वजन जवळजवळ मूळच्या इतकंच येतं, थोडं अधिकच. आकड्यात कमाई शून्य. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, भरीव ओढ मिळते, जुन्या रिव्हॉल्व्हरसारखी. अनेक वर्षांचे जाणकार मुद्दाम ही जोडी वापरतात. चापाची अनुभूती सुधारली आणि चाप हलका मात्र झाला नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

तर आपल्या टेक्ससच्या श्रोत्यांनी काय करावं? आधी काही न घेता महिनाभर कोरा सराव. पिस्तूल रिकामं करायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, आणि भक्कम भिंतीच्या दिशेने रोज पन्नास वेळा चाप ओढायचा. दर वेळी एकच विचारायचं: आत्ता काय खटकलं? टेक-अप, भिंत, क्रीप, ब्रेक की रिसेट? नव्या पिस्तुलाचे भाग हजार-पाचशे ओढींत एकमेकांवर घासून आपोआप थोडे गुळगुळीत होतात, हा फुकटचा फायदा. बोटही बदलतं. मायकल पोलान्यी म्हणत की आंधळ्याच्या हातातली काठी सरावाने त्याच्या तळहाताला जाणवेनाशी होते, काठीच्या टोकाशी असलेली वस्तू जाणवते. चापाचंही तसंच, महिन्याभराने कित्येकांची तक्रारच विरून जाते. अर्थात सगळ्यांची नाही. संधिवाताचं बोट किंवा लहान हात असेल तर जडपणा ही खरी अडचण आहे, तिथे सरावाचं प्रवचन झोडू नये.

महिन्यानंतर जी तक्रार उरेल, तिच्यावरचा एकच भाग घ्यावा. एका वेळी एकच. तीन भाग एकदम बदलले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही, आणि बिघाड कशामुळे झाला ते तर मुळीच कळणार नाही. भाग बसवण्याचं काम जाणत्या गनस्मिथकडून करून घेतलेलं बरं. त्यानंतर रिकाम्या पिस्तुलावर तपासणी: जीभ न दाबता कडेने ढकलला तर चाप हलता कामा नये, चाप दाबून धरून स्लाइड ओढली, मग बोट हळू सैल केलं तर रिसेटचा ‘टक्’ यायलाच हवा, आणि स्लाइड काढून स्ट्रायकर पुढे ढकलला तर त्याचं टोक खुंटी दाबल्याशिवाय बाहेर डोकावता कामा नये. यातलं एकही चुकलं तर मूळ भाग परत आत.

जाता जाता इकडच्या श्रोत्यांसाठी एक सूचना. हे सगळं अमेरिकेतल्या बाजाराविषयी आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दात त्याचे सुटे भागही मोडतात, आणि बंदुकीची दुरुस्ती-फेरफार करायलाही परवाना लागतो. मोटारसायकलचा सायलेन्सर मागवावा तसा हा भाग मागवता येत नाही. परवानाधारक नेमबाजांनी आपल्या प्रशिक्षकांना आणि अधिकृत दुरुस्तीकारालाच विचारावं.

आणि टेक्ससच्या श्रोत्यांना शेवटचं एक: काढलेले भाग टाकून देऊ नका. पुडीत घालून, वर तारीख आणि तेव्हा मोजलेले दहा आकडे लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ते एकदा परत बसवून बघा आणि बोटाला काय वाटतं ते आम्हाला जरूर कळवा.